एकादशी, नोबेल आणि डोळ्याचा पडदा

आषाढी जवळ आली की आमच्या सोयऱ्याधायऱ्यांच्या ग्रुपवर तो मेसेज हमखास फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, सार तेच. जपानच्या शास्त्रज्ञाला उपवासाबद्दल नोबेल मिळालं, आपल्या पूर्वजांनी एकादशी कधीच सांगून ठेवली होती, पोट रिकामं ठेवलं की शरीर स्वतःच्या खराब पेशी खाऊन टाकतं, म्हणून कॅन्सर होत नाही, साखर जाते. यंदा त्याला एक नवी ओळ चिकटली होती: 'डोळ्याचा पडदा साफ होतो, चष्मा सुटतो.' खाली दोन-तीन भाच्यांनी आणि एका साडूने मला टॅग केलेलं. "दाजी, खरंय का हो हे?"

मी परभणी जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी आहे. पद भारदस्त वाटतं, पण गावात मला 'नंबर काढणारे साहेब' म्हणूनच ओळखतात. डॉक्टर मी नव्हे. नजर तपासणं, नंबर काढणं, प्रेशर बघणं, मोतीबिंदूच्या याद्या करणं आणि पडद्याचा काही संशय आला की पुढे पाठवणं, हे माझं काम. पडद्याचं वेड मात्र मला जुनं आहे, त्यावर मिळेल ते वाचत असतो. ग्रुपवर उत्तर द्यायला गेलो असतो तर मधेच कुणीतरी 'गुड मॉर्निंग'चं फूल टाकून विषय बुडवला असता. म्हणून इथे लिहितो.

योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, हे खरं. पण त्यांचं काम माणसाच्या उपवासावर नव्हतं, यीस्टवर होतं. ज्यांच्यात पचवणारी विकरंच नाहीत अशा यीस्टच्या पेशी त्यांनी घेतल्या, त्यांचा नायट्रोजनचा पुरवठा तोडला आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसले. पचवता येत नसल्यामुळे पेशीच्या आतल्या पोकळीत छोट्या छोट्या पिशव्या साठत गेल्या, आणि पेशी स्वतःचाच माल गुंडाळून आत नेते हे डोळ्यांना दिसलं. ते १९९२ मध्ये छापून आलं. पुढच्या वर्षी या कामासाठी लागणारी १५ जनुकं त्यांच्या प्रयोगशाळेने शोधून काढली. पेशीच्या या स्वतःलाच खाण्याचं 'ऑटोफॅजी' हे नाव त्याच्याही आधीचं, बेल्जियमच्या ख्रिस्तियान द द्यूव यांनी १९६३ मध्ये दिलेलं.

म्हणजे मेसेजमध्ये तथ्य शोधायचंच म्हटलं तर एवढंच सापडतं की उपाशी होतं ते यीस्ट. आणि आपली एकादशी कशी असते हे मी सांगायला नको, 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपलीच आहे. साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, वर राजगिऱ्याचा लाडू. यीस्टला एवढं मिळालं असतं तर ओसुमींना एकही पिशवी दिसली नसती.

थट्टा पुरे. ऑटोफॅजी ही चीज खरी आहे, आणि डोळ्याच्या पडद्याला ती जितकी लागते तितकी फार थोड्या अवयवांना लागत असेल. त्यासाठी पडद्याची रोजची दिनचर्या आधी सांगावी लागेल.

पडदा म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या भिंतीचा थर, जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास. त्यात उजेड टिपणाऱ्या दोन जातींच्या पेशी. अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी कोटींच्या हिशेबात आणि रंग, बारकावे बघणाऱ्या शंकूपेशी काही लाख. कातडीच्या पेशी झडतात, नव्या येतात. या पेशींचं तसं नाही. जन्माला आलेल्याच मरेपर्यंत पुरवायच्या. आणि काम तर असं की शरीरात वजनाच्या मानाने सर्वांत जास्त ऑक्सिजन खाणाऱ्या जागांत पडद्याचा नंबर लागतो. सतत उजेड, सतत ऑक्सिजन, म्हणजे झीज ठरलेली.

मग ऐंशी वर्षं त्या टिकतात कशा? दंडपेशीच्या टोकाला चपट्या चकत्यांची हजाराच्या घरातली उतरंड असते, उजेड टिपणारं रोडॉप्सिन त्या चकत्यांत. रिचर्ड यंग नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९६७ मध्ये किरणोत्सारी खूण केलेली अमिनो आम्लं प्राण्यांना देऊन दाखवलं की या चकत्या कायमच्या नसतात. खालून रोज नव्या तयार होतात, जुन्या वर सरकतात आणि टोकाला पोहोचल्या की गळून पडतात. रोज साधारण दहावा हिस्सा. म्हणजे दहा दिवसांत सगळी उतरंड नवी. गळालेला माल उचलायला मागे रंगद्रव्याच्या पेशींचा एकपदरी थर असतो, त्याला आमच्याकडे आरपीई म्हणतात. त्यातल्या एकेका पेशीच्या वाट्याला तीसएक प्रकाशपेशींची टोकं येतात. आणि या आरपीईच्या पेशीही सहसा नव्या होत नाहीत.

गोठ्यातलं शेण जसं रोज सकाळी उचलावंच लागतं, तसं हे आहे. सण असो, लग्न असो, जनावर रोज खातं आणि रोज टाकतं. एक दिवस उचललं नाही तर चालतं, आठ दिवस नाही उचललं तर जनावराच्या खुरांना लागतं. आणि उचललेलं फेकून द्यायचं नसतं, त्याचंच खत होतं. आरपीई गळालेल्या चकत्या पचवून त्यातला अ जीवनसत्त्वाचा अंश दंडपेशीला परत देते, त्याच्यावरच पुढचं रोडॉप्सिन चालतं. उंदरांवरच्या १९७६ च्या एका अभ्यासात दिसलं की दंडपेशींची ही गळती सकाळी, उजेड झाल्यावर थोड्याच वेळात सर्वांत जास्त असते. त्यांना अंधारात ठेवलं तरी वेळ तीच. म्हणजे घड्याळ आतलं आहे.

आता मेसेजवाल्यांनी जिथे नेमकं लक्ष द्यावं ती गोष्ट. उपासमारीत जी ऑटोफॅजी सुरू होते, तिचं दार उघडणारी प्रथिनं वेगळी असतात. यूएलके१ हे त्यातलं मुख्य. २०१३ मध्ये उंदरांच्या आरपीईवर झालेल्या कामातून दिसलं की सकाळच्या चकत्या पचवताना ऑटोफॅजीचीच काही हत्यारं वापरली जातात, एटीजी५ आणि एलसी३ ही त्यातली, पण यूएलके१ चं दार वापरलंच जात नाही. भुकेची वाट सोडून आडवाटेने काम होतं. ज्या उंदरांच्या आरपीईतून एटीजी५ काढलं, त्यांच्यात चकत्या नीट पचेनात, रोडॉप्सिनला लागणारा कच्चा माल कमी पडला आणि उजेडाला पडद्याचा प्रतिसाद मंदावला. बाहेरून तो माल टोचल्यावर प्रतिसाद सुधारला. म्हणजे पडद्याची सर्वांत मोठी रोजची सफाई तुम्ही जेवलात की नाही ते विचारतच नाही. ती सकाळची वाट बघते.

अर्थात आरपीईला साधी, नेहमीची ऑटोफॅजीही लागते, स्वतःच्या आतल्या मोडतोडीसाठी. ती सुरू करणारं आरबी१सीसी१ नावाचं जनुक उंदराच्या आरपीईतून काढलं तर उतारवयात माणसाच्या मॅक्युलाची, म्हणजे पडद्याच्या बारकावे बघणाऱ्या मधल्या भागाची, जी झीज होते तिच्या जवळ जाणारी झीज दिसते. न पचलेला पिवळट गाळ, लिपोफ्युसिन, या पेशींत वयानुसार साचतच असतो. सफाई बसली की तो लवकर साचतो.

सफाई बंद पाडणाऱ्या एका गोष्टीशी माझा कामाच्या टेबलावर संबंध येतो, आणि ती म्हणजे एक गोळी.

एक शिक्षिका चाळिशीचा चष्मा काढायला आल्या होत्या. जवळचा नंबर काढून झाल्यावर मी सवयीने विचारलं, "बाई, गोळ्या कोणत्या चालू आहेत?" त्यांनी पिशवीतून पाकीट काढलं. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, रोज ४०० मिलिग्रॅम, संधिवातासाठी, कित्येक वर्षांपासून. "पण सर, हे सांध्याचं आहे, डोळ्याला काय संबंध?" मी त्यांना उठवून बाहेरच्या वजनकाट्यावर उभं केलं. ४४ किलो.

हे औषध मूळचं हिवतापाच्या घराण्यातलं. ते पेशीच्या लायसोसोममध्ये, म्हणजे जिथे आम्लात पचन होतं त्या पिशवीत जाऊन बसतं आणि तिथलं आम्ल कमी करतं. गुंडाळून आणलेला माल मग पचत नाही. प्रयोगशाळेत ऑटोफॅजी अडवायची असेल तेव्हा संशोधक याच घराण्यातली औषधं वापरतात. आरपीईतल्या काळ्या रंगद्रव्याला ते चिकटून राहतं, त्यामुळे पडद्यात जास्त साठतं. संधिवातात, ल्युपसमध्ये ते फार गुणाचं आहे, त्याला बदनाम करायचं नाही. पण मात्रेला मर्यादा आहे. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ मध्ये ठरवून दिलं की प्रत्यक्ष वजनाच्या दर किलोला दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या आत राहावं, पहिल्या वर्षात एकदा पडदा तपासून ठेवावा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याआधीच. मात्रा मर्यादेत असली तर पहिल्या दहा वर्षांत धोका दोन टक्क्यांच्या खाली असतो, वीस वर्षांनंतर मात्र तो वीस टक्क्यांच्या आसपास जातो. ४४ किलोला २२० मिलिग्रॅम होतात. बाई जवळजवळ दुप्पट घेत होत्या.

मी कागदावर वजन, मात्रा आणि वर्षं लिहून त्यांना ओसीटी (पडद्याच्या थरांचं स्कॅन) आणि फील्ड (बाजूची नजर किती ते मोजणं) यांसाठी पाठवलं, आणि बजावलं की गोळी मनाने बंद करायची नाही, सांधे उलटतील. ओसीटी चांगला निघाला, त्यांच्या डॉक्टरांनी मात्रा निम्मी केली. पडद्याला एकदा इजा झाली की गोळी थांबवूनही ती भरून येत नाही, उलट काही काळ वाढत राहते. २०२० मध्ये कोरोनात आम्हा आरोग्य कर्मचाऱ्यांनाही हीच गोळी वाटली होती, आठवड्याला एक अशी. तेवढ्याने पडद्याला काही होत नाही, त्यामुळे तेव्हा खाल्लेल्यांनी आता घाबरायचं कारण नाही. तुमच्या घरात कुणी वर्षानुवर्षं ही गोळी घेत असेल तर हा लेख इथेच सोडून आधी पाकिटावरचा आकडा आणि वजन ताडून बघा.

आता जनुकांकडे.

काही जनुकं अशी असतात की ती नसली तर शरीर उभंच राहत नाही. त्यांना अत्यावश्यक जनुकं म्हणतात. उंदरांमध्ये एकेक जनुक बंद करून बघण्याचा मोठा आंतरराष्ट्रीय उपक्रम चालू आहे. त्याचा २०१६ चा हिशेब असा होता की तपासलेल्या १७५१ जनुकांपैकी ४१० जनुकं बंद केल्यावर पिल्लू जगलंच नाही. ऑटोफॅजीची बरीच जनुकं या वर्गात बसतात. एटीजी५ किंवा एटीजी७ नसलेलं उंदराचं पिल्लू जन्मतं, दिसायला ठीक असतं, आणि दिवसभरात दगावतं. नाळ तुटल्यापासून आईचं दूध अंगी लागेपर्यंतचा काळ पिल्लाने स्वतःच्याच पेशींतलं थोडं मोडून काढायचा असतो, तेच त्याला जमत नाही. याच कामातलं बेक्लिन१ हे जनुक नसेल तर पिल्लू जन्मापर्यंतही पोहोचत नाही. म्हणून पडद्यावर काम करणारे एटीजी५ फक्त दंडपेशींतून काढून बघतात. बाकी उंदीर धडधाकट राहतो आणि दंडपेशी हळूहळू झिजत जातात.

मला हे पुस्तकी वाटायचं. मग गंगाखेडकडचा एक ऊसतोड्या समोर येऊन बसला.

वय तिशीचं, अंगाने काटक. बायको सोबत. त्याच्याआधी तीच बोलली. "रातच्याला ह्यांना दिसायलं नाही साहेब. गाडी भरताना सरीत पडतेत. दारू पेऊन पडायलाय म्हणतेत लोकं. थेंब घेत नाहीत हो हे." ऊसतोडीत काम पहाटेच्या अंधारात सुरू होतं आणि ट्रक केव्हाही भरायला येतो, त्यामुळे रातांधळा माणूस टोळीत टिकणं अवघड. त्यांनी आधी एका ठिकाणी दाखवलं होतं, तिथून चष्मा मिळाला होता. तक्त्यावर तो ६/९ वाचत होता, म्हणजे जवळजवळ पूर्ण. तक्ता समोरचंच विचारतो.

मी त्याच्यासमोर हातभर अंतरावर बसलो, त्याला एक डोळा झाकायला लावला, माझ्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि कडेने बोट हलवत आत आणू लागलो. माझ्या डोळ्याला ते केव्हाच दिसायला लागलं होतं. तो म्हणत होता, "नाही. नाही. नाही बा." बोट माझ्या कानाच्या रेषेत आलं, गालापाशी आलं, तेव्हा म्हणाला, "हां, हे आलं." खालून तसंच, वरून तसंच. सरी दिसणार कशी? ड्रॉप टाकून बाहुली मोठी केली आणि आत पाहिलं. कडेकडेने काळे फाटेदार डाग, रक्तवाहिन्या बारीक झालेल्या, नसेचं तोंड फिकट. रेटिनायटिस पिगमेंटोसा, आम्ही आरपी म्हणतो. यात आधी दंडपेशी जातात, म्हणून रात्र जाते, मग बाजू जातात, आणि शंकूपेशी शेवटपर्यंत मधलं थोडं राखून ठेवतात.

घरात कुणाला आहे का विचारलं. मायच्या वडिलांना होतं, चाळिशीतच काठी आली. आणि मायला? "माय अजून सुईत दोरा ओवती की." मधली पिढी ठणठणीत. त्याने हे सांगितलं आणि मला जरा उत्सुकता वाटली, कारण पिढी गाळून येणाऱ्या आरपीच्या एका जनुकाबद्दल वाचलेलं होतं. देवगिरी एक्स्प्रेसने त्याला हैदराबादला पाठवलं. आमच्या भागातली माणसं पडद्यासाठी तिथल्या एल. व्ही. प्रसाद नेत्र रुग्णालयात जातातच, आणि ऐपत नसलेल्यांना तिथे पैशांविना तपासतात. रक्त दिलं, बऱ्याच दिवसांनी रिपोर्ट आला. पीआरपीएफ३१.

हे जनुक २००१ मध्ये आरपीशी जोडलं गेलं, आणि त्यात डोळ्याचं असं काहीच नाही. कोणतंही जनुक वाचलं की त्याच्या आरएनए प्रतीत मधे मधे नको असलेले तुकडे असतात. ते कापून उरलेलं जोडावं लागतं, तेव्हाच प्रथिन बनतं. ती कापजोड करणाऱ्या यंत्रणेतला पीआरपीएफ३१ हा एक भाग. केसाच्या मुळापासून काळजापर्यंत प्रत्येक पेशीला तो हवा. आई-बापाकडून एकेक आलेल्या या जनुकाच्या दोन्ही प्रती पार निकामी झाल्या तर गर्भच राहत नाही, असं मानतात. एक बिघडली तर काळीज चालतं, यकृत चालतं, माणूस मणामणाच्या मोळ्या उचलतो. फक्त पडदा खचतो. कारण अर्ध्या पुरवठ्यावर भागवणं बाकीच्यांना जमतं, रोज दहावा हिस्सा नव्याने बांधणाऱ्याला जमत नाही.

इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या गटाने अशा रुग्णांच्या कातडीच्या पेशींपासून मूलपेशी तयार केल्या आणि त्यातून आरपीई वाढवली. २०१८ मध्ये त्यांनी दाखवलं की कापजोडीतला घोळ पडद्याच्या पेशींत, आणि त्यातही आरपीईत, सर्वांत जास्त आहे. २०२२ मध्ये त्याच गटाने पुढचं सांगितलं. या आरपीईत चुकीच्या घडणीची प्रथिनं गोळा होऊन गोळे बनतात आणि ते साफ करणारी ऑटोफॅजी मंदावलेली असते. रॅपामायसिन या औषधाने ऑटोफॅजी वाढवल्यावर गोळे कमी झाले, पेशी जास्त तगल्या. अत्यावश्यक जनुक आणि सफाई, दोन्ही धागे इथे एका पेशीत येऊन मिळतात. वाचताना मला त्या ऊसतोड्याचीच आठवण होत होती.

मायला का नाही याचंही उत्तर सापडलेलं आहे. बिघडलेली प्रत तिच्याकडेही आहेच, तिच्यामार्फतच ती याच्याकडे आली. पण ज्यांची चांगली प्रत मुळातच जरा जोरात चालते, त्यांच्यात ती एकटी दोघींचं काम ओढून नेते आणि माणूस जन्मभर नीट बघतो. चांगली प्रत ज्याच्या वाट्याला मंद आली, तो सरीत पडतो.

मग सगळ्यांनाच ऑटोफॅजी वाढवणारं काहीतरी द्यावं का? इथे गंमत आहे, आणि उपवासवाल्यांनी ती वाचावीच. आरपीचा शोधलेला पहिला जनुकीय दोष १९९० मधला, रोडॉप्सिनच्या जनुकातला पी२३एच. अमेरिकेतल्या रुग्णांत तो बऱ्यापैकी आढळतो. त्यात रोडॉप्सिनची घडीच चुकते आणि चुकलेला माल दंडपेशीत तुंबतो. वाटेल की इथे सफाई वाढवली की झालं. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांत उलटं दाखवलं: ऑटोफॅजी आधीच जास्त झालेली होती, ती वाढवली तर झीज वाढली, कमी केली तर पेशी जास्त वाचल्या. एका आरपीला जे तारक, ते दुसऱ्याला मारक. जनुक कोणतं हे न कळता सरसकट उपाय सांगणारा, मग तो व्हॉट्सॲपवरचा असो की 'पडदा शुद्धी' काढा विकणारा, माझ्या मते अंधारातच दगड मारतोय. रॅपामायसिनसुद्धा प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आहे, अवयव बदललेल्या रुग्णांना देतात. ते दुकानातून आणून खायचं नाही.

'नात्यात लग्न केलं असंल' हे वाक्य मी आरपी म्हटलं की ऐकतो. या माणसाच्या बाबतीत तो संबंध नाही. एकच बिघडलेली प्रत पुरे असते तिथे नात्याचा प्रश्न येत नाही, प्रत्येक लेकराला ती प्रत मिळायची निम्मी शक्यता असतेच. पण दोन्ही प्रती बिघडल्यावरच होणारे आरपीचे आणि मॅक्युलाचे कितीतरी प्रकार आहेत. डीआरएएम२ हे ऑटोफॅजीतलंच एक जनुक. त्याच्या दोन्ही प्रती बिघडल्यावर तरुणपणीच मधली नजर जाते, हे २०१५ मध्ये समोर आलं. आपल्याकडे मामाची मुलगी करणं अजून नवल नाही, आणि कर्नाटक-तेलंगणाच्या बाजूच्या तालुक्यांत मामा-भाचीचीही लग्नं होतात. सख्ख्या मामे-आत्तेभावंडांत आठवा हिस्सा जनुकं सामाईक असतात, मामा-भाचीत चौथा. एकाच आजोबाची बिघडलेली प्रत दोन्हीकडून लेकराकडे यायला तेवढं पुरतं. घरात कुणी रातांधळं असेल तर सोयरीक ठरण्याआधी हे बोललं पाहिजे. नंतर बोलून फक्त सुनेला बोल लागतो.

ग्रुपवर शेवटी मी एवढंच टाकलं: उपवास विठोबासाठी करा, पडद्यासाठी नको. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नका, दरवर्षी आषाढीला साखर उतरून चक्कर आलेले आमच्याकडे येतातच. पडद्याची काळजी असेल तर साखर आणि बीपी ताब्यात ठेवा, बिडी-सिगारेट सोडा, मधुमेह असेल तर वर्षातून एकदा ड्रॉप टाकून पडदा दाखवा. ल्युटीनच्या गोळ्या मनाने घेऊ नका. २०१३ च्या मोठ्या अमेरिकन अभ्यासातलं ल्युटीनचं मिश्रण मॅक्युलाची झीज एका टप्प्याला पोहोचलेल्यांसाठी आहे, चष्मा सोडवण्यासाठी नाही. साडूने अंगठा टाकला. भाच्यांनी गुलाबाचं फूल.

ऊसतोड्याला आता टोळीत जाता येत नाही. त्याचं दिव्यांग प्रमाणपत्र झालंय, एसटीची सवलत मिळते, आणि मुकादमाची उचल अजून फिटायची आहे. मागच्या खेपेला त्याने लेकीला सोबत आणलं होतं, आठ-नऊ वर्षांची. तिचंही रक्त तपासायचं का, असं विचारत होता. मी नको म्हटलं. तिला त्रास काही नाही, रिपोर्ट आला तरी आज द्यायला औषध नाही, आणि पोरीच्या नावावर एक कागद कायमचा लागेल. मोठी झाल्यावर तिचं तिने ठरवावं. तोवर दरवर्षी फील्ड आणि पडदा बघायचा, बस. बायको मात्र अजूनही तोडीला जाते आणि पोरगीही तिच्यासोबत जाते. टोळी दसऱ्यानंतर निघते, म्हणून तिची तारीख मी नवरात्रात घातली आहे.